मेल्या म्हशीचं दूध

डब्लिन शहराच्या उत्तरेला आर्टेन नावाची वस्ती आहे. २००३ साली नोकरीसाठी आयर्लंडला आलो तेव्हा तिथल्या एका घराच्या माडीवरची खोली मी भाड्याने घेतली. घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी चहाचा मग घेऊन बसायच्या आणि पेपर उघडायच्या तो थेट मयतांच्या रकान्यावर. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण. आठवड्याला एक तरी मयत असायचंच. सुरुवातीला मला वाटायचं, बाईंचा गोतावळा फारच मोठा आहे. एकदा विचारलं, "जवळचे होते का?" तर म्हणाल्या, "छे रे. त्याची बहीण माझ्याबरोबर शिवणाच्या कारखान्यात होती." ती बहीणही पाच वर्षांपूर्वी वारलेली होती. पण तेवढं नातं पुरेसं होतं.

त्यांच्याबरोबर दोन-तीनदा मीही गेलो. पेटी पुढे ठेवलेली, पहिल्या बाकावर घरची माणसं, आणि बाकीच्यांची रांग. रांगेतून पुढे सरकायचं, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि ठरलेलं एक वाक्य बोलायचं: 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' आमच्या मालवणीत 'वायट झाला' म्हणतात, अगदी तेच. त्यात मयताची स्तुती नसते की निंदा नसते. माणूस देव होता की दारुडा, याचा त्या वाक्याशी काही संबंध नाही. मग जवळच्या हॉटेलात चहा, हॅमचे सँडविच, आणि अर्ध्या तासात लोक हॉकीसारख्या त्यांच्या त्या हर्लिंग नावाच्या खेळावर बोलायला लागतात. मला ही रीत फार शहाणी वाटली. आपल्याकडच्या श्रद्धांजली सभा मी ऐकलेल्या होत्या. गावात कोणीही गेलं तरी 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण व्हायची. एका पंचक्रोशीत इतक्या पोकळ्या झाल्यावर जमीन उभी कशी राहिली, हा प्रश्न मला लहानपणीच पडला होता.

१३ जून २००६ रोजी चार्ल्स हॉही वारले. तीनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले गृहस्थ. पंतप्रधानाला तिथे 'टीशॉक' म्हणतात. लोकांच्या तोंडी ते साधे 'चार्ली' होते. प्रेम करणाऱ्यांच्याही आणि शिव्या घालणाऱ्यांच्याही. त्यांचं घर किन्सीली गावात, आमच्यापासून तोच मालाहाइड रोड धरून बाहेर पडलं की लागायचं. घर म्हणजे 'अ‍ॅबव्हिल' नावाची अठराव्या शतकातली हवेली, भोवती शेकडो एकर जमीन. आणि अंत्यविधीचं चर्च डॉनिकार्नीचं, म्हणजे त्याच रस्त्यावर, आमच्या अलीकडे. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार होणार असं जाहीर झालं आणि आमच्या गल्लीत दोन तट पडले. एका तटात घरमालकीणबाई, दुसऱ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमन.

बाईंनी कॅलेंडरवर खूण केली. पोस्टमन कुंपणापलीकडून म्हणाले, "त्या चोराला बघायला जाणार?"

बाईंनी पर्स उघडली आणि आपला प्रवासाचा पास काढून त्यांच्या नाकासमोर धरला. कडा मळलेला, फोटोतल्या बाई प्रत्यक्षापेक्षा दहा वर्षांनी तरुण. "हा कोणी दिला?" एवढंच विचारलं. १९६७ साली हॉही अर्थमंत्री असताना त्यांनी निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हाताऱ्यांना बस आणि रेल्वेचा प्रवास फुकट केला होता. तो पास आजही चालतो. बाई त्या पासावर बहिणीला भेटायला पार गॉलवेपर्यंत जायच्या. त्यांच्या हिशोबी राजकारण म्हणजे तो पास. बाकी सगळं पेपरवाल्यांचं.

पोस्टमनचा हिशोब निराळा होता, आणि तो मला पुढे काही महिने हप्त्याहप्त्याने ऐकावा लागला. जानेवारी १९८० मध्ये, नवे टीशॉक म्हणून हॉही टीव्हीवर आले आणि देशाला सांगितलं की आपण सगळे ऐपतीबाहेर जगतो आहोत. त्याच महिन्यात पगारातून कर कापला जाणारे लाखो नोकरदार देशभर रस्त्यावर उतरले होते. आमचे पोस्टमन त्यांतले एक. "मी ऐपतीबाहेर जगत होतो," ते म्हणायचे. "चार पोरं, एक सायकल आणि ती सायकलही पोस्टखात्याची." आणि हे सांगणारा माणूस त्या वेळी स्वतः बँकेचं थोरलं कर्ज बुडवत होता. केरीच्या किनाऱ्याजवळ त्याच्या मालकीचं एक अख्खं बेट होतं. रेसचे घोडे होते, शिडाची बोट होती, पॅरिसच्या शार्व्हे नावाच्या दुकानातून मापाचे शर्ट येत होते. एवढ्या पगारात हे कसं बसतं, असं विचारण्याची सभ्य रीत त्या देशात कोणाला सापडली नव्हती.

म्हणजे एकाने विचारलं होतं. ११ डिसेंबर १९७९ रोजी हॉहींची टीशॉक म्हणून निवड व्हायची होती, तेव्हा विरोधी पक्षनेते गॅरेट फिट्झजेराल्ड संसदेत बोलायला उभे राहिले आणि या माणसाच्या पूर्वचरित्राला डाग आहे अशा अर्थाचं बोलले. प्रेक्षकांच्या सज्जात हॉहींची म्हातारी आई बसली होती. झालं. डाग कसला, ते राहिलं बाजूला; आईच्या देखत बोलले, हीच चर्चा. फिट्झजेराल्ड पुढे दोनदा टीशॉक झाले, सज्जन म्हणून ओळखले गेले, पण ते भाषण त्यांना कायम चिकटलं.

दुसऱ्यांदा कोणी बोललं ते २००० साली. तोवर बरंच बाहेर आलं होतं. 'डन्स स्टोअर्स' या दुकानांच्या साखळीची मालक भावंडं आपसात भांडली. त्या भांडणाचे कागद कोर्टापर्यंत आले तेव्हा कळलं की त्यांतल्या बेन डन यांनी हॉहींना तेरा लाख पौंड दिले होते. १९९७ साली न्यायमूर्ती मॅक्रॅकन यांच्या आयोगापुढे हॉहींनी आधी ते नाकारलं, मग कबूल केलं. आयोगाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल खटला उभा राहिला. आणि खटला सुरू होण्याआधी उपपंतप्रधान मेरी हार्नी यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की त्यांना शिक्षा व्हायला हवी. न्यायाधीश म्हणाले, आता निःपक्षपाती ज्यूरी मिळणं शक्य नाही. खटला बेमुदत तहकूब. ज्याच्याविरुद्ध बोलल्या, त्यालाच वाचवून बसल्या. पोस्टमनला हा किस्सा सांगताना हसूही यायचं आणि ठसकाही लागायचा.

जिवंतपणी बोललं तर पुरावा कुठे आहे, मेल्यावर बोललं तर माणुसकी कुठे आहे. मग बोलायचं तरी कधी?

त्या आठवड्यात डब्लिनच्या रेडिओवर अष्टौप्रहर हाच घोळ चालला होता. सरकारी अंत्यसंस्कार द्यावेत की नाही? बाजूने बोलणारे म्हणत, मान माणसाला नसतो, पदाला असतो. माजी टीशॉक म्हणजे तिरंगा आणि तोफगाडा आलाच. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पदाचा मान प्रत्येक वेळी वारलेल्याची वही तपासून द्यायचा म्हटलं तर ती वही तपासणार कोण? दुसऱ्या दिवशीचं सरकार? पण पोस्टमन म्हणायचे ते मला जास्त खोलवर लागलं. ते म्हणाले, "ही बाई रांगेत उभी राहून हात मिळवणार, तो हात तिचा स्वतःचा. सरकारने मिळवला तर त्यात माझाही हात गेला. मला कोणी विचारलं?"

बाई अंत्यविधीच्या आदल्या दिवशी दर्शनाला गेल्या. पासावर, बसने, जेमतेम चार-पाच थांब्यांचा रस्ता. परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लहान झाला होता." १६ जूनला आम्ही दोघांनी टीव्हीवर पुढचा सोहळा पाहिला. मधल्या दाराशी पोस्टमन उभे, आत यायला तयार नाहीत आणि जायलाही तयार नाहीत. चर्चमधला भाग मला आवडला. प्रार्थनेत माणसासाठी माफी मागितलेली असते. तिथे निदान पाप गृहीत धरलेलं असतं. मग सटनची सेंट फिंटन्स दफनभूमी, समुद्राकडे उतरणारा हाउथचा डोंगर, सैनिक. आणि मग टीशॉक बर्टी अहर्न कबरीशी भाषणाला उभे राहिले.

आपल्याकडे म्हण आहे: मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हैस जिवंत होती तेव्हा पळीभर द्यायची, लाथा मारायची. मेल्यावर मात्र तिच्या दुधाचे हंडे भरायला लागतात. अहर्ननी हंडे भरले. हॉही हाडाचे, नखशिखांत देशभक्त होते म्हणाले. वादांचा ओझरता उल्लेख झाला आणि इतिहास अखेर त्यांच्या बाजूनेच निकाल देईल असा भरवसाही दिला गेला. दारातून पोस्टमन म्हणाले, "चेकबुकाचं सांग की."

ते चेकबुकाचं मी नंतर समजून घेतलं. हॉही पक्षाध्यक्ष असताना पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून जो भत्ता मिळे, त्याच्या खात्यावर दोन सह्या लागत. दुसरी सही अहर्न यांची. सोयीसाठी म्हणून ते कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या करून ठेवत. त्यांतल्या काही चेकांवर पॅरिसचे ते शर्ट आले. म्हणजे कबरीशी उभा राहून जो माणूस हिशोब इतिहासावर सोपवत होता, त्याने स्वतःची सही आधीच कोऱ्या कागदावर केलेली होती. हे मी रचलेलं असतं तर संपादकाने फार ठळक आहे म्हणून कापलं असतं.

त्याच सप्टेंबरात खुद्द अहर्न यांच्या पैशांची बातमी 'आयरिश टाइम्स'मध्ये आली. २००८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं आणि २०१२ साली मेहन आयोगाने त्यांचे खुलासे खरे मानायला नकार दिला. पण ते पुढचं.

कबरीशी भाषण करणं ही आयर्लंडमध्ये जुनी आणि मोठी गोष्ट आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. १ ऑगस्ट १९१५ रोजी ग्लासनेव्हिन दफनभूमीत ओडोनोव्हन रॉसा या जुन्या क्रांतिकारकाच्या कबरीशी पॅट्रिक पिअर्स बोलले, ते तिथे शाळेतल्या पोरांना पाठ असतं. जवळजवळ नऊ महिन्यांनी बंड झालं आणि पिअर्स गोळीबार पथकापुढे उभे राहिले. (त्या भाषणानंतर पाच वर्षांनी त्याच तारखेला आपल्याकडे टिळक गेले, ज्यांनी होमरूल हा शब्दच आयर्लंडकडून उसना आणला होता.) तेव्हापासून आयरिश पुढाऱ्याला कबर दिसली की व्यासपीठ दिसतं. १९९९ साली हॉहींच्या आधीचे टीशॉक जॅक लिंच वारले, तेव्हा कॉर्कमध्ये कबरीशी बोलायला घरच्यांनी डेस ओमॅली यांना उभं केलं. हॉहींच्या अमदानीत पक्षातून हाकललेला माणूस. लिंच यांनी १९७० मध्ये बंदुकांच्या चोरट्या आयातीच्या संशयावरून हॉहींना मंत्रिमंडळातून काढलं होतं; कोर्टात हॉही निर्दोष सुटले, पण ती जखम पक्षात तीस वर्षं वाहत राहिली. त्यामुळे त्या दिवशी ओमॅली लिंचच्या सचोटीबद्दल जे जे बोलले, ते ऐकणाऱ्याला दोन माणसांबद्दल ऐकू येत होतं. एकाची स्तुती करत दुसऱ्याला पुरायचं, तेही तो जिवंत असताना.

न बोलताही केवढं बोलता येतं, याची तिथली सगळ्यात विलक्षण गोष्ट १९४९ ची आहे. देशाचे पहिले राष्ट्रपती डग्लस हाइड वारले. ते प्रोटेस्टंट, अंत्यविधी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये. त्या काळी कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट प्रार्थनेला हजर राहणं हे पाप. म्हणून कॅथलिक मंत्रिमंडळ कॅथेड्रलच्या बाहेर मोटारीत बसून राहिलं. आत माजी राष्ट्रपतीची पेटी, बाहेर मोटारींच्या काचांमागे देशाचं सरकार. मंत्र्यांपैकी एकटे नोएल ब्राउन आत गेले. हाइडचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा त्यांच्या देवाचा होता. पोस्टमनचे वडील तेव्हा त्या भागात कामाला होते. मोटारीतल्या एका मंत्र्याने काच खाली करून सिगारेटची राख झटकली, एवढं त्यांनी मुलाला सांगितलेलं. खरंखोटं देव जाणे.

आणि याच्या अगदी उलट दृश्य मी २०१७ च्या मार्चमध्ये पाहिलं. डेरी शहरात मार्टिन मॅकगिनेस यांची अंत्ययात्रा. एके काळी आयआरए या सशस्त्र संघटनेचे तिथले म्होरके, नंतर शांतता कराराचे खांब, उत्तर आयर्लंडचे उपप्रथममंत्री. तिथे आर्लीन फॉस्टर आल्या. त्यांच्या वडिलांवर आयआरएने गोळ्या झाडल्या होत्या, त्या स्वतः शाळेत असताना त्यांच्या शाळेच्या बसखाली बॉम्ब फुटला होता. वडील वाचले, त्याही वाचल्या. यायचं की नाही हे त्यांनी बराच वेळ ठरवलं नव्हतं म्हणतात. त्या लाँग टॉवर चर्चमध्ये शिरल्या आणि समोरच्या बाजूच्या माणसांनी भरलेल्या बाकांतून टाळ्या उठल्या. चर्चमध्ये, मयताच्या वेळी, टाळ्या. मॅकगिनेस थोर होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. आल्या, हात मिळवला, बसल्या. आमच्या बाईंनी टीव्हीसमोर नुसती मान हलवली. पेन्सिलीने खूण करताना हलवायच्या तशी.

हॉहींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आमच्या गावात दहाव्याला पिंड ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसतात. तो शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी अडलंय, असं समजून जमलेले एकेक आश्वासनं द्यायला लागतात: मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू. हॉहींच्या पिंडाकडे कावळा सहा महिन्यांनी आला. डिसेंबर २००६ मध्ये न्यायमूर्ती मॉरियार्टी यांच्या आयोगाचा अहवाल बाहेर पडला: १९७९ ते १९९६ या काळात हॉहींना ९१ लाख पौंड मिळाले होते. यातलं बरंच लोकांनी गृहीतच धरलेलं होतं. बाईंना मोडलं ते एका कलमाने. ब्रायन लेनिहन हे हॉहींचे जुने सहकारी आणि मित्र. १९८९ मध्ये त्यांना यकृत बदलण्यासाठी अमेरिकेला न्यायचं होतं, म्हणून हॉहींनी देणग्या गोळा केल्या. अडीच लाखांहून जास्त पौंड जमले असावेत. उपचारांवर लागले फार तर सत्तर हजारांच्या आसपास. उरलेल्यातला मोठा वाटा हॉहींनी स्वतःकडे वळवला.

त्या संध्याकाळी बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजारी माणसाचे?" पुन्हा थोड्या वेळाने, "आजारी माणसाचे पैसे?" पास पर्समध्येच होता. पोस्टमन कुंपणाशी आले होते, बाईंचा चेहरा पाहिला आणि एक अक्षर न बोलता परत फिरले. आयुष्यभराचा वाद जिंकण्याची वेळ आली होती, ती त्यांनी सोडून दिली.

हा अहवाल जूनच्या आधी आला असता तर? तरीही तोफगाडा निघाला असता, असं मला वाटतं. भाषण बहुधा आखूड झालं असतं. पुढच्या काळात मी आणखी एक प्रकार पाहिला: बिशप एमन केसी यांना २०१७ मध्ये गॉलवेच्या कॅथेड्रलखालच्या तळघरात मानाने पुरलं, २०२४ मध्ये त्यांच्यावरचे लैंगिक अत्याचारांचे आरोप टीव्हीवर सविस्तर आले आणि २०२५ मध्ये त्यांचे अवशेष तिथून बाहेर काढून घरच्यांच्या हवाली केले. मान दिला, आठ वर्षांनी तो उकरून परत केला. दगड उचलताना तिथले कामगार काय बोलले असतील, हे मला ऐकायला आवडलं असतं.

आमच्या बाई २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. मी तोवर केव्हाच दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण त्यांच्या मुलीने फोन करून मला पहिल्या बाकावर बसवलं. आई सांगून गेली होती म्हणे. मुलगी, जावई, दोन नातू आणि त्यांच्या शेवटी मी. रांग लांब होती. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांच्या ज्यांच्या मयताला बाई गेल्या, त्या सगळ्यांच्या घरून कोणी ना कोणी आलं होतं. तेवढ्यात बाजूच्या दाराने एक सूट घातलेले गृहस्थ शिरले. आमच्या भागातले आमदार म्हणा, खासदार म्हणा. तिथे सभागृहाच्या सदस्याला 'टीडी' म्हणतात. ते भराभर हात मिळवत आले. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा एक क्षण थबकले. तेव्हा वराडकर टीशॉक होते, मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातले. तेव्हा माझ्यासारखा चेहरा पहिल्या बाकावर असणं अशक्य नाही, असा काहीसा हिशोब त्यांच्या डोळ्यांत झाला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते वाक्य म्हटलं. मीही मान लववली. चार मिनिटांत ते आले त्या दाराने गेले.

पोस्टमन मागच्या बाकावरून वाकून कुजबुजले, "त्याने बाईंना कधी बघितलंसुद्धा नव्हतं."

"हो ना."

"पण आला," ते म्हणाले, आणि पुढे काही न बोलता टोपी चाचपू लागले.

नंतर हॉटेलात सँडविच झाले, चहा झाला, बाईंचे किस्से झाले. त्या भाडं एक तारखेला मोजून घ्यायच्या आणि पाच युरो कमी पडले तरी जिन्यात उभ्या राहायच्या, हेही झालं. मुलगीच सांगत होती. पाऊस थांबला तेव्हा आम्ही मालाहाइड रोडवर बसची वाट बघत उभे राहिलो. पोस्टमन आता सत्तरीच्या पुढे. बस आली. त्यांनी आतल्या खिशातून कार्ड काढलं, यंत्रावर ठेवलं, यंत्र पिप्प करून वाजलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "एक शब्द बोलू नकोस."

मी सुट्टे पैसे मोजत होतो.